लागून राह्यला, पण दिसत नाही

सूर्य मावळून अर्धा तास झाला की रस्त्यावरच्या मोटारीचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. टेप घेऊन हे अंतर मोजायला कोणी उभं राहत नाही, हे जुन्या गाडीवाल्यांचं नशीब. भंडाऱ्यात ज्यांच्या दारात अजून प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्यांचा मागचा दिवा १५५ मीटरवरून दिसतोही. फक्त रात्र अमावास्येची हवी, समोरून दुसरं वाहन यायला नको, आणि पाहणाऱ्याला तिथे गाडी आहे हे आधीच ठाऊक हवं.

मालकाची तक्रार मात्र या दिव्याबद्दल कधीच नसते. ती असते पुढच्या दिव्यांबद्दल. त्यात नवल नाही. पुढचा दिवा स्वतःच्या उपयोगाचा, मागचा परक्याच्या. मागचा दिवा पेटलेला मालकाने पाहिलाच असेल तर तो गाडी रिव्हर्स घेताना गॅरेजच्या भिंतीवर, आणि तेव्हाही त्याचं लक्ष भिंतीकडे असतं.

या गाडीचं घराणं तसं मोठं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली, १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव घेऊन तीच गाडी पद्मिनी झाली. नाव राणीचं, इंजिन १०८९ सीसीचं, आणि मागे शेपटाच्या दोन टोकांना पाच-पाच वॅटचे दोन दिवे. एकविसावं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. वर्तमानपत्रांनी तेव्हा पानंच्या पानं हळहळ छापली. त्या हळहळीत दिव्यांचा उल्लेख नव्हता, कारण मुंबईत रस्त्याला खांब इतके की टॅक्सीचा स्वतःचा दिवा लागला काय नि न लागला काय.

साकोलीहून लाखांदूरकडे रात्री निघालं की हा प्रश्न नीट समजतो. तलावांचा जिल्हा असल्यामुळे थंडीत रस्त्यावर धुकं उतरतं. धानाची कापणी झालेली असते, त्यामुळे पुढे ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे ट्रॉली, आणि ट्रॉलीच्या मागे काहीच नाही. ना दिवा, ना रिफ्लेक्टर. कोणी फारच कायदा पाळणारा असला तर एक लाल फडकं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू होतात, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. नाटक रात्री चढतं ते पहाटेपर्यंत, म्हणजे सभ्य माणसांनी झोपायच्या वेळेला अर्धा जिल्हा रस्त्यावर असतो. मुंबई-कोलकाता महामार्गावर आणखी वेगळा प्रकार. गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, महामार्गावर ट्रकांना तोटा नाही, आणि त्यांच्यामधून पांढऱ्याशुभ्र एलईडीचे झोत फेकत नव्या गाड्या नागपूरकडे धावत असतात. एक नवी गाडी समोरून गेली की पद्मिनीवाल्याला पुढचं अर्धं मिनिट स्मरणशक्तीवर गाडी चालवावी लागते.

अशा मालकांचा एक नमुना म्हणून निवृत्त गुरुजी घ्यावेत. जिल्ह्यात हा नमुना मुबलक आहे. गाडी वडिलांनी घेतलेली किंवा कोणा डॉक्टरांकडून आलेली. गुरुजी ती रविवारी पुसतात, सोमवारी झाकतात आणि लग्नसराईत उघडतात. दिवे मंद आहेत हे त्यांना पहिल्यांदा जाणवतं ते एखाद्या लग्नाहून परतताना, कारध्याच्या पुलावर. घरी येऊन ते एकच निष्कर्ष काढतात, जो महाराष्ट्रातला प्रत्येक जुना गाडीवाला काढतो: बल्ब बदलायला पाहिजे.

मूळ बल्ब पुढे ४५/४० वॅटचे. दुकानदार हॅलोजन दाखवतो ६०/५५ चे, आणि मग आवाज जरा खाली आणून १००/९० चेही दाखवतो. हे शेवटचे रस्त्यावर चालत नाहीत, पण दुकानात चांगले चालतात. शंभराचे दोन म्हणजे दोनशे वॅट; बारा व्होल्टवर साडेसोळा अँपियरहून जास्त करंट. तो सगळा करंट डॅशबोर्डवरच्या त्या एका बोटभर स्विचमधून आणि चाळीस वर्षं उन्हात वाळलेल्या वायरीतून न्यायचा. पातळ वायरीत जितका करंट जास्त, तितका वाटेतच दाब जास्त पडतो. परिणामी उजेड वाढतो थोडा आणि वास येतो बराच. गुरुजी दोन दिवस खूश असतात. तिसऱ्या दिवशी स्विच हाताला चटका देतो आणि गाडीत जळक्या प्लॅस्टिकचा वास दरवळतो, जो पुढे सहा महिने पाहुण्यांना ‘जुन्या गाडीचा वास’ म्हणून सांगावा लागतो.

दोष बल्बचा नसतोच. १९८५ साली राजीव गांधी म्हणाले होते की दिल्लीहून निघालेल्या रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात. पद्मिनीचा कारभार त्या मानाने स्वच्छ म्हणायचा. चालत्या गाडीत वायरिंगच्या तोंडाशी साडेतेरा व्होल्ट असतील तर मागच्या होल्डरपर्यंत साडेदहा पोचतात. म्हणजे रुपयातले अठ्ठ्याहत्तर पैसे. पण फिलामेंटचा हिशेब सरकारी नाही. त्याला दाब दहा टक्के कमी मिळाला की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने उजेड बदलतो, असं हे गणित आहे. गणिताच्या गुरुजींनी ते हौसेने करून पाहावं. पाच वॅटच्या मागच्या फिलामेंटचा उजेड पूर्ण दाबावर सुमारे ३५ ल्यूमेन. साडेदहा व्होल्टवर त्यातले पंधरा उरतात. त्यांतून धूळ, वाळून गेलेली जुनी कीटकसंपदा आणि लाल काच आपापला वाटा काढून घेतात. शेजारी तुलनेला ठेवावं म्हणून: आजच्या साध्या एच-४ हॅलोजनच्या हाय बीमला सुमारे १६५० ल्यूमेन मिळतात. मागून येणारा ट्रकवाला त्या सोळाशेंच्या सोबतीने या पंधरांना शोधत असतो.

गाडी शेवटी मिस्त्रीकडे येते. ऑटो इलेक्ट्रिकचा मिस्त्री इंजिनच्या मिस्त्रीहून वेगळा असतो. तो कमी बोलतो, आणि त्याचं मुख्य हत्यार म्हणजे जुन्या होल्डरला जोडलेला एक बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा. तो चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावतो आणि दुसरं टोक मागच्या होल्डरमध्ये टेकवतो. त्याच्या हातातला बल्ब लख्ख लागतो. गाडीतला बल्ब तसाच झोपेत.

“गुरुजी, करंट येऊन राह्यला, पन वापस जाऊन नाही राह्यला.”

“म्हणजे काय रे?”

“जाईन कुठून? चाळीस वर्साचा जंग हाय इथं.”

“मग बल्ब बदलून टाक न.”

“बल्ब का करन बिचारा?”

मोटारीची विद्युत परीक्षा एवढ्यात संपते. बॅटरीतून एक वायर दिव्यापर्यंत येते आणि परतीचा रस्ता म्हणून गाडीचा पत्राच वापरलेला असतो. होल्डर पत्र्याला स्क्रूने बसवलेला, आणि स्क्रू, होल्डर आणि पत्रा या तिघांच्या मध्ये गंज, त्यावर रंगाचा एक थर, त्यावर मागच्या पेंटिंगवेळचा दुसरा थर. गाडीला हौसेने जितक्या वेळा रंग दिला, तितका दिवा मंद झाला. मिस्त्री जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने पत्रा खरवडतो, चांदीसारखा गोल दिसेपर्यंत. गुरुजींचा जीव खालीवर होतो. रंग नुकताच मारलेला. मग पॉलिश पेपरने होल्डरचं तोंड आतून घासतो, खालच्या स्प्रिंगला ताण देतो, आणि स्क्रूखाली नवी काळी वायर अडकवून ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हकडे नेतो. पंधरा रुपयांची वायर. बाकीचे पैसे कुठे खरवडायचं हे ठाऊक असण्याचे.

परतीचा रस्ता बंद असला की करंट घरी बसून राहत नाही, तो शेजाऱ्याच्या अंगणातून वाट काढतो. एकाच बल्बात दोन फिलामेंट असतात: मागच्या दिव्याचं पाच वॅटचं आणि ब्रेकचं एकवीस वॅटचं. हा परतीचा रस्ता, म्हणजे ‘अर्थ’, तुटला की ब्रेकचा करंट पाचवाल्या फिलामेंटमधून उलटा शिरून दुसऱ्याच दिव्यातून बाहेर पडतो. मग ब्रेक दाबला की नंबरप्लेटचा दिवा उजळतो, डावा इंडिकेटर लावला की दोन्ही मागचे दिवे त्याच्या तालावर मिणमिणतात. मागून येणाऱ्याला वाटतं, गाडीवाला काहीतरी सांगू पाहतोय. काय, ते गाडीवाल्यालाही माहीत नसतं.

याहून भारी प्रकार हाताच्या जोराने होतो. या दोन फिलामेंटच्या बल्बच्या दोन खिट्या मुद्दाम वरखाली केलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. पण जिथे अंगात जोर आहे तिथे बल्ब उलटाही बसतो. मग पार्किंगचं बटण दाबताच एकवीस वॅट पेटतात आणि ब्रेक मारल्यावर त्यांत पाच वॅटची भर पडते. ती गाडी भंडारा ते तुमसर अखंड ब्रेक मारत जाते आणि खरोखर ब्रेक मारते तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढच्या दिव्यांसाठी मिस्त्रीचा उपाय रिले. दोन रिले, एक फ्यूज आणि बॅटरीपासून थेट जाड वायर. मग जुन्या स्विचच्या वाट्याला दहा अँपियर येत नाहीत, रिलेला इशारा करण्यापुरता जेमतेम शे-दोनशे मिलीअँपियर करंट येतो. स्विच निवृत्त माणसाला साजेलसं काम करू लागतो. बाकी ओझं तरुण रिले वाहतात. साध्या ६०/५५ च्या बल्बला आता पुरता दाब मिळतो आणि गुरुजींना कारध्याच्या पुलाचा कठडा पहिल्यांदा दिसतो. तो आधीही तिथेच होता, हे त्यांच्या लक्षात येऊन जरा घाम फुटतो.

रिफ्लेक्टरच्या बाबतीत भंडाऱ्याची एक खास अडचण आहे. हे पितळी भांड्यांचं गाव. काळं पडलेलं काही दिसलं की ते चिंच लावून घासायचं, हा इथल्या हातांचा धर्म. हेडलाईटचा रिफ्लेक्टर आतून काळपट दिसतो, काच काढलेली असते, घरात चिंच असते. पुढचं सांगायला नको. फार जुन्या गाड्यांत रिफ्लेक्टर पितळेचा आणि वर चांदीचा पातळ मुलामा, पुढच्या गाड्यांत पत्र्यावर अॅल्युमिनियमचा त्याहूनही पातळ थर. हा थर कोरड्या फडक्यानेही ओरखडतो. चिंचेने घासला की तो सुखाने निघून जातो आणि खालचा धातू झळाळून उठतो. घरातल्यांना वाटतं, काय लखलखलं! उजेड मात्र होता त्याहून कमी. काही जण मग रिफ्लेक्टरला क्रोम करून आणतात. क्रोम दिसायला देखणं, पण पडलेल्या उजेडातला पासष्ट टक्क्यांच्या आसपासच परत फेकतं. चांगलं अॅल्युमिनियम नव्वदच्या जवळ, चांदी त्याच्याही पुढे. देखणेपण हा इथे निकषच नाही, हे जुन्या गाडीवाल्याला पटवणं कठीण, कारण गाडी ठेवण्याचं त्याचं एकमेव कारण तेच असतं.

मागच्या दिव्याला मात्र इतके लाड लागत नाहीत. लाल काचेमागची पत्र्याची वाटी आतून साफ करून तिला पांढराशुभ्र रंग मारला तरी फरक डोळ्यांना दिसतो. कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या सुट्या भागांच्या दुकानांत कधी कधी जुनी अस्सल काच मिळते. नाहीतर आहे तीच, गुलाबी पडलेली, साबणाने धुऊन परत बसवायची. काच फारच विटली की लाल दिवा गुलाबी होतो आणि मागून पाहणाऱ्याला क्षणभर वाटतं, ही गाडी आपल्याच दिशेने येते आहे.

गुरुजींचा पुण्याचा नातू याच सुमारास एलईडी मागवतो. पाकीट येतं, त्यात बर्फासारखे पांढरे बल्ब. लाल काचेमागे ते लावले की उजेड वाढायच्या ऐवजी फिका होतो. साध्या फिलामेंटच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चकती आणि वर पिवळा लेप, लाल त्यात नावापुरता. काच लालच सोडणार, आणि देणाऱ्याकडे लाल कमी. म्हणून लाल काचेमागे लाल एलईडी आणि पिवळ्या काचेमागे पिवळा, एवढा साधा नियम. तो पाकिटावर लिहिलेला नसतो. हेडलाईटमध्ये एलईडी कोंबणं हा आणखी वेगळा उपद्रव. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी वळवलेला असतो, जागा हलली की उजेड रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडावरच्या घुबडात वाटला जातो.

मग इंडिकेटरचा गोंधळ. जुन्या फ्लॅशरमध्ये एक धातूची पट्टी असते. बल्बांचा करंट तिच्यातून गेला की ती तापते, वाकते, संपर्क तुटतो; निवली की पुन्हा जुळतो. त्यातूनच ती टिकटिक. एलईडी इतका कमी करंट घेतो की पट्टी तापतच नाही. इंडिकेटर लागतो आणि लागलेलाच राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला की लुकलुक परत येते, टिकटिक येत नाही. गुरुजी तीन गावं उजवा इंडिकेटर लावून जातात, कारण आठवण करून देणारा आवाज गेलेला असतो.

खुणेचा हा प्रश्न तसा जुनाच. जुन्या मॉरिस मायनरच्या दारामागच्या खांबातून पत्र्याचा एक छोटा हात बाहेर यायचा, आत पिवळा दिवा. तो अडकला की चालक आतून खांबावर बुक्की मारायचा. आपल्याकडे त्याहून भरवशाची पद्धत होती: खिडकीतून क्लीनरचा हात. त्याला ना वायरिंग, ना अर्थ.

तरीही एलईडीची एक गोष्ट मान्य करावी लागते. साध्या बल्बचं फिलामेंट तापून पुरतं उजळायला सुमारे दोन दशांश सेकंद घेतं. एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ६० किलोमीटरने मागून येणारा ट्रक तेवढ्या वेळात तीन मीटरहून जास्त पुढे येतो. पद्मिनीच्या डिकीचं भवितव्य एवढ्या अंतरात ठरू शकतं. ब्रेकचा दिवा नेमका कुठे असावा, यावरही लोकांनी डोकं लढवलं आहे. १९७४ साली जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्स्यांना मागच्या काचेपाशी तिसरा ब्रेक लाईट लावला आणि १६० टॅक्स्या तशाच ठेवल्या. दहा महिन्यांनी पाहिलं तर तिसरा दिवा असलेल्यांना मागून धडक बसण्याचं प्रमाण ६०.६ टक्क्यांनी कमी. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत हा दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडे मागच्या काचेची ती जागा रिकामी नव्हती. तिथे उशी, टिश्यूचा डबा आणि मान हलवणारा कुत्रा होता.

रिले, नवा अर्थ, पांढरी वाटी आणि लाल एलईडी इतकं झाल्यावर संध्याकाळी अंगणात तपासणी होते. गुरुजी आत, पाय ब्रेकवर. घरच्या बाई मागे, पदर तोंडाला, कारण सायलेन्सरचा धूर.

“लागला का?”

“अवं, डोळे दिपून राह्यले न!”

यापूर्वीच्या तपासणीत बाईंचं उत्तर वेगळं होतं: “लागून राह्यला. पन याले लागनं म्हनतेत का?” घरातल्या कोणीही जुन्या गाडीचा इतका निःपक्षपाती अहवाल दिलेला नाही, आणि तो नोंदवून घेण्यात गुरुजींनी इतकी वर्षं लावली नसती, तर पत्र्याचा थोडा रंग वाचला असता.

आता उरला कागदाचा भाग. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. १९७४ च्या पद्मिनी २०२४ पासून या वयात येऊ लागल्या. गुरुजींनी कागद वाचला आणि चष्मा काढला. असा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. भंडाऱ्यात व्हिंटेज रॅली काही दर रविवारी निघत नाही, संशोधन गुरुजींना झेपत नाही आणि पेट्रोल तरी किती वेळा भरणार. राहिली देखभाल.

मिस्त्रीने सगळे दिवे नीट केले आहेत, एक सोडून. नंबरप्लेटचा दिवा अजून मिणमिणतो, आणि गुरुजींनी मिस्त्रीला दोनदा बजावून सांगितलं आहे की घाई करू नकोस.